फिश टँकमधला कार्बन डायऑक्साइड: गॅस वाढवायच्या आधी तो अडकलाय कुठे ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागे घरच्या घरी प्लांटेड टँक म्हणजे पाण्यातली खरी झाडं लावलेला फिश टँक कसा लावायचा यावर लेख आला होता. फोटो छान होते, झाडांची माहिती बरोबर होती, आणि महागडी झाडं न आणता व्हॅलिसनेरिया, ब्राह्मी अशी आपल्या देशातलीच झाडं लावा हे वाचून तर खूप बरं वाटलं. शेवटी कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या, लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा घेऊन झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड कसा तयार करायचा ते पण दिलं होतं. पण तो गॅस कुठे अडकला, साचला तर काय करायचं याबद्दल त्यात एक ओळ सुद्धा नव्हती, आणि खान्देशात तर ती ओळ सगळ्यात आधी पाहिजे, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बोअरचं पाणी जड असतं आणि लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नसतो. या तिन्हीचा त्या गॅसवर थेट परिणाम होतो म्हणून हे पत्र, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी भुसावळला राहते, घरात बऱ्याच वर्षांपासून झाडांचा टँक आहे, त्यामुळे जळगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर इकडच्या नवीन टँकवाल्यांचे फोन येत असतात आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो, ताई बुडबुडे कमी झाले, झाडं वाढत नाहीत, शेवाळ धरलं, काय करू. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, काही नई होत ताई, व्हॉल्व्ह अजून थोडा खोला. माझं म्हणणं याच सल्ल्याबद्दल आहे. बुडबुडे कमी दिसले म्हणजे गॅस कमी तयार होतोय असं नसतं, बहुतेक वेळा तो तयार होतोय पण मधेच कुठेतरी साचतोय, आणि साचलेल्या गॅसच्या मागे अजून गॅस ढकलला की एक तर बाटली फुटते किंवा अडथळा अचानक मोकळा होऊन सगळा गॅस एकदम पाण्यात जातो आणि सकाळी मासे मेलेले सापडतात. म्हणून आधी गॅस बंद, मग तो अडकलाय कुठे ते शोधायचं, आणि वाढवायचा विचार त्याच्याही नंतर.

आधी बाटलीचं बघू कारण धोका तिथे जास्त आहे. २०० ग्रॅम खायचा सोडा पूर्णपणे ॲसिडबरोबर मिसळला तर त्यातून साधारण ५५ ते ६० लिटर गॅस निघतो. शंभर लिटर पाण्यात झाडांना पाहिजे तेवढा म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम गॅस विरघळलेला ठेवायला एका वेळी फक्त ३ ग्रॅम गॅस पुरतो, यावरून त्या दोन लिटरच्या बाटलीत किती ताकद कोंडलेली असते ते लक्षात घ्या. दोन बाटल्यांच्या किटमध्ये ॲसिड थोडं थोडं सोड्याच्या बाटलीत जातं, तिथलं प्रेशर खाली आलं की ॲसिडच्या बाटलीतून अजून थोडं ढकललं जातं, असं ते चालतं. आता व्हॉल्व्ह एकदम जास्त खोलला की सोड्याच्या बाटलीतलं प्रेशर झटकन पडतं, ॲसिडचा मोठा घोट आत जातो, फेस उसळतो आणि प्रेशर मीटरचा काटा क्षणात वर चढतो, म्हणजे व्हॉल्व्ह खोला हा सल्ला नेमका उलटा पडतो.

काटा वर गेलाय आणि टँकमध्ये बुडबुडे नाहीत असं असेल तर वाट पुढे बंद आहे. व्हॉल्व्ह बंद करा, डिफ्यूझरवरून, म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे करणाऱ्या टँकमधल्या चकतीवरून, नळी काढा, नळीचं टोक ग्लासभर पाण्यात धरा आणि व्हॉल्व्ह अगदी हळू, केसभर उघडा. बुडबुडे आले तर डिफ्यूझर चोकअप आहे, नाही आले तर एक एक पार्ट मागे सरकत जायचं, चेक व्हॉल्व्ह (गॅस एकाच दिशेने जाऊ देणारा) उलटा बसलाय का किंवा चिकटलाय का ते बघायचं, मग बुडबुडे मोजायचा बबल काउंटर, मग बारीक ॲडजस्टमेंटचा नीडल व्हॉल्व्ह, त्यात सोड्याचा फेस वाळून पांढरी पूड बसलेली असते. काटाच खाली आणि बुडबुडेही नाहीत तर मात्र लिकेज आहे, प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावा, कळेल. यात वेळ जात नाही आणि काहीच विकत आणावं लागत नाही.

झाकण उघडण्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण फिरवायचं नाही. नळी बाहेर काढून, खिडकी उघडी ठेवून प्रेशर हळू सोडायचं, बाटलीवर जाड टॉवेल टाकायचा, तोंड बाजूला ठेवायचं आणि लहान मुलांना खोलीच्या बाहेर पाठवायचं. बाटली कोल्ड्रिंकचीच पाहिजे कारण ती प्रेशरसाठी बनवलेली असते, पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बरणी कधीच नाही, आणि जुनी, चरे पडलेली, गरम पाण्याने धुतल्यामुळे आकार बिघडलेली बाटली फेकून द्या. चांगली बाटली पण गॅलरीत उन्हात ठेवू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरी पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली बाटली एप्रिलच्या दुपारी फुटली, आवाज पूर्ण गल्लीत गेला, घरात कोणी नव्हतं म्हणून निभावलं. किटला जादा प्रेशर आपोआप सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का ते विचारूनच घ्या, काही स्वस्त किटमध्ये तो नसतो.

यीस्ट आणि साखरेची बाटली पण बरेच जण लावतात, विशेषतः शाळेतली मुलं. तिचं गणित वेगळं, ती बंद करताच येत नाही, यीस्ट आपला गॅस करतच राहतं. उन्हाळ्यात ते आधी जोरात काम करतं आणि पाणी खूप तापलं की मरतं, म्हणून पहिले दिवस गॅस फार आणि नंतर काहीच नाही. तिला व्हॉल्व्ह लावून वाट अडवायची नाही.

आता डिफ्यूझर. आपल्या जड पाण्यात पांढरी चकती लवकर चोकअप होते, अर्धा त्रास क्षारांचा आणि अर्धा शेवाळाचा. क्षारासाठी व्हिनेगरमध्ये भिजवा, शेवाळासाठी पातळ केलेल्या ब्लीचमध्ये काही तास ठेवा, पण दोन्ही एकत्र करायचे नाहीत, एकानंतर दुसरं करायचं असेल तर मधे भरपूर साध्या पाण्याने धुवायचं, कारण ब्लीच आणि व्हिनेगर मिळून क्लोरीन वायू तयार होतो आणि तो बंद मोरीत फार वाईट. ब्लीचनंतर हायपोच्या (क्लोरीन मारणारे खडे, सोडियम थायोसल्फेट) पाण्यात बुडवून मगच टँकमध्ये टाका. चकती पिनने खरवडू नका, छिद्रं मोठी होतात आणि मोठा बुडबुडा न विरघळताच वर जाऊन फुटतो.

मोठ्या टँकवाल्यांचा त्रास वेगळा असतो आणि त्याच्याबद्दल मराठीत मला तरी नीट लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कॅनिस्टर फिल्टरच्या, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायच्या डब्यासारख्या फिल्टरच्या पाइपला उभा रिॲक्टर म्हणजे गॅस पाण्यात विरघळवायची नळकांडी लावतात, वरून पाणी आणि गॅस आत येतो, पाणी खाली जातं, बुडबुडा वर चढायला बघतो आणि त्या झटापटीत विरघळतो. काही दिवसांनी रिॲक्टरच्या डोक्यात गॅसचा थर दिसायला लागतो, खळखळ आवाज येतो, पाण्याचा फ्लो कमी होतो. लोकांना वाटतं कार्बन डायऑक्साइड जास्त झाला, आणि काही वेळा ते खरंही असतं, पण नेहमी नाही. पाण्यात हवेतला नायट्रोजन आणि झाडांनी सोडलेला ऑक्सिजन आधीच विरघळलेला असतो, कार्बन डायऑक्साइडचा बुडबुडा त्यातून जाताना स्वतः पाण्यात जातो आणि त्याच्या जागी हे दुसरे वायू बुडबुड्यात येतात. ते तितक्या सहज विरघळत नाहीत म्हणून वर साचतात. शेतातल्या पाइपलाइनला उंचवट्यावर हवा धरते आणि तिथे एअर व्हॉल्व्ह बसवावा लागतो ना, तसंच हे. रिॲक्टरच्या सगळ्यात वरच्या टोकाला एक छोटा कॉक बसवून तो अधूनमधून उघडून हवा काढावी लागते.

हा थर कशाचा आहे ते ओळखायची सोपी रीत आहे. गॅस बंद करा, फिल्टर चालू ठेवा, तासाभराने बघा. थर कमी होत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच होता, म्हणजे रिॲक्टरला झेपेल त्यापेक्षा जास्त सोडत होता, बुडबुडे कमी करा किंवा फ्लो वाढवा, फिल्टरची जाळी धुवा. थर तसाच राहिला तर ती हवा आहे, वरून काढून टाका. आणि काढल्यावर थोड्याच वेळात परत भरला तर फिल्टर कुठूनतरी बाहेरची हवा ओढतोय, बहुतेक झाकणाची रबरी रिंग वाळलेली असते किंवा पाणी ओढणाऱ्या पाइपचा जॉइंट सैल असतो. तिथून पाणी टपकत नाही कारण तिथे ओढ आतल्या बाजूला असते, म्हणून लोकांना सापडत नाही. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं.

गॅसची नळी सरळ फिल्टरच्या ओढणाऱ्या तोंडात देणारे पण आहेत. त्याने काम चालतं पण गॅस मोटरच्या डोक्यात साचतो, पंखा कोरडा फिरतो, खडखड होते आणि एक दिवस पाणी ओढणंच बंद. फिल्टर बंद करून थोडा तिरका करून हलवला की गॅस निघतो, पण कायमचा उपाय म्हणजे गॅस फिल्टरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या पाइपवर द्यायचा.

लाईट गेली की काय होतं ते कोणत्याच परदेशी चार्टमध्ये नसतं, आपल्याला ते रोजचं आहे. फिल्टर थांबतो, पाणी थांबतं, पण बाटलीला लाईट लागत नाही, ती चालूच राहते. सगळा गॅस रिॲक्टरमध्ये आणि पाइपमध्ये भरतो, मग लाईट आल्यावर मोटर त्या गॅसमध्येच फिरते आणि पाणी उचलत नाही, घरातल्यांना वाटतं फिल्टर जळाला आणि मेकॅनिककडे घेऊन जातात. यासाठी सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह लावा, तो लाईट गेली की गॅस बंद करतो, आणि तो फिल्टरच्याच बोर्डवर घ्या, फिल्टर मेनवर आणि सोलेनॉइड इन्व्हर्टरवर असं उलट करू नका. पण सोलेनॉइड बंद असताना बाटलीत प्रेशर वाढत राहू शकतं हे विसरू नका, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर बाटलीच्या किटला सोलेनॉइड लावायचा नाही. यीस्टच्या बाटलीला तर कधीच नाही. आणखी एक, चकतीवाला फिरता टायमर लाईट गेली की थांबतो, दोन तास लाईट नव्हती तर दोन तास मागे पडतो, मग काही दिवसांनी टँकचा दिवा वेगळ्या वेळी आणि गॅस रात्री असा गोंधळ होतो. बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर घ्या.

चेक व्हॉल्व्ह म्हणजे ठिबकवाल्यांचा एनआरव्ही, तो प्रत्येक सिस्टिमला पाहिजेच, नाहीतर रात्री बाटली गार होऊन प्रेशर पडलं की टँकचं पाणी उलटं नळीतून बाटलीत येतं, आणि तिथे ॲसिड, सोडा असेल तर पुढचं काय ते सांगायला नको.

सिलिंडरवाल्यांसाठी आपल्या उन्हाची गोष्ट वेगळीच आहे. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रव असतो पण फक्त ३१ अंशापर्यंत, त्याच्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव राहत नाही. २५ अंशाला आतलं प्रेशर साधारण ६४ बार असतं, आणि पूर्ण भरलेला सिलिंडर ४५ अंशाच्या खोलीत असेल तर ते १०० बारच्या पुढे जातं. म्हणून भरणाऱ्याला अजून थोडा भर असं म्हणायचं नाही, सिलिंडर वजनकाट्यावर वजन करूनच भरून घ्यायचा, त्यावर टेस्टिंगची तारीख ठोकलेली असते ती बघायची आणि तो कूलरच्या खोलीत, उभा, साखळीने बांधून ठेवायचा. हिवाळ्यात मीटरचा काटा एका जागी असतो आणि द्रव संपल्यावरच पडतो, उन्हाळ्यात तो सुरुवातीपासूनच हळूहळू पडताना दिसतो, त्यामुळे किती गॅस उरला ते काट्यावरून समजत नाही, वजनच करावं लागतं. आणि सिलिंडर संपत आला की साध्या सिंगल स्टेज रेग्युलेटरमधून बाहेर पडणारं प्रेशर उलट वाढतं, बुडबुडे अचानक धो धो सुटतात, मासे बहुतेक या शेवटच्या गॅसनेच जातात. वजन कमी झालं की रिकामा व्हायची वाट न बघता बदलून घ्या.

पाण्यात गॅस किती झाला ते बघायला ड्रॉप चेकर असतो, निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त. त्यात टँकचं पाणी नाही तर ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) तयार पाणी भरायचं, आणि तो तास दोन तास उशिराने सांगतो हे लक्षात ठेवायचं. इथे आपल्याकडचे लोक फसतात ते चार्टमुळे. पाण्याचा केएच, पीएच आणि गॅस यांचं गणित एकमेकांवर चालतं. केएच ४ असेल तर पीएच ६.६ ला साधारण ३० गॅस होतो, म्हणून चार्टमध्ये ६.६ पर्यंत आणा असं असतं. पण आपल्या बोअरच्या पाण्याचा केएच १२ निघाला तर ३० हा आकडा पीएच ७.१ लाच येतो, आणि तिथून ६.६ गाठायला जाल तर गॅस ९० च्या आसपास जाईल, त्यात मासा जगत नाही. आधी केएच मोजा, मग गॅस.

मासे वर येऊन तोंड मारताहेत, गलफडं जोरात हलताहेत, कलंडताहेत असं दिसलं तर पहिल्यांदा गॅस बंद, मग एअर पंप चालू किंवा फिल्टरचा आउटलेट पाण्याच्या वर करून पाणी खळबळवायचं, मग थोडं पाणी बदलायचं. औषध टाकायचं नाही, हा आजार नाही. उन्हाळ्यात हे लवकर होतं कारण २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि ३५ अंशाला जेमतेम ७, त्यात रात्री झाडं पण ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून गॅस रात्री बंदच पाहिजे, दिवा लागायच्या तासभर आधी चालू आणि दिवा बंद व्हायच्या तासभर आधी बंद. पाण्यावर छोटा पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन तीन अंशाने सहज उतरतं, चिलरचा खर्च वाचतो.

खोलीचंही सांगते. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, वास नाही, रंग नाही, खाली साचतो. विहिरीत उतरताना आपली माणसं याच वायूने गेल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात येतात. बाटलीच्या किटने घरात तसं होत नाही, पण दोन चार किलोचा सिलिंडर बंद, लहान खोलीत रात्रभर लीक झाला तर खाली गादी टाकून झोपणाऱ्याला खरंच धोका आहे. मुलं झोपतात त्या खोलीत सिलिंडर नको.

संपादक साहेब, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुरवणीत परत कधी असा लेख आला तर कृतीच्या शेजारीच एक चौकट द्या, त्यात प्रेशर सोडायची पद्धत, चेक व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र नाही एवढं तरी असू द्या, आणि ती ऊन चढायच्या आधी, फेब्रुवारीत छापा. दुसरी विनंती आपल्या भागातल्या ॲक्वेरियमच्या दुकानदारांना, सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेलं किट विकू नका आणि गिऱ्हाईक बुडबुडे कमी झाले म्हणालं तर व्हॉल्व्ह खोला सांगायच्या आधी काटा किती दाखवतोय ते विचारा. कोणाला यात दुरुस्ती सुचवायची असेल, विशेषतः नंदुरबार, शहाद्याकडच्या पाण्याचा अनुभव वेगळा असेल तर त्यांनी याच सदरात जरूर लिहावं, मी वाचते.

आपली,
एक वाचक, भुसावळ